टोकन, बॉट_टोकन, टीजी_की: चॅटबॉटच्या सेटिंग्जची नावं एका वळणावर कशी आणायची

चॅटबॉट जन्माला येतो तेव्हा त्याचं एकच गुपित असतं. टेलिग्रामच्या बॉटफादरने (नवे बॉट नोंदवणाऱ्या खात्याने) दिलेलं टोकन, म्हणजे बॉटची किल्ली, `टोकन` नावाच्या व्हेरिएबलमध्ये टाकलं की काम सुरू. मग कुणीतरी डिस्कॉर्ड जोडतं आणि `डिस्कॉर्ड_टोकन` येतं. तिसरा माणूस आठवणी पाठवणारं मॉड्यूल लिहितो आणि तेच टेलिग्रामचं टोकन `टीजी_की` या नावाने वाचतो, कारण मुख्य फाइल त्याने उघडलेलीच नसते. पुढे बॉट नव्या सर्व्हरवर हलवला जातो. हलवणारा `टोकन` भरतो, बॉट उठतो, उत्तरं देऊ लागतो. आठवणी मात्र जात नाहीत, आणि लॉगमध्ये एरर नसल्यामुळे हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

हा लेख अशाच बॉटसाठी आहे. तो चालू आहे, लोक वापरतात, बंद करून नव्याने लिहायची सोय नाही. उदाहरणादाखल वाचनालयाचा एक काल्पनिक बॉट घेऊ, त्याचं नाव ‘ग्रंथ’. तो टेलिग्राम आणि डिस्कॉर्डवर वाचकांशी बोलतो, स्लॅकवर कर्मचाऱ्यांशी. कोड पायथनमध्ये आहे. जावास्क्रिप्टमध्ये काही वेगळं घडत असेल तिथे सांगेन. लेखात सगळी नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन कॅपिटल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर यांतच लिहायची आणि आकड्याने सुरू करायची नाहीत. बॅश या कमांड शेलला देवनागरी नाव एक्स्पोर्ट करायला सांगितलं तर तो सरळ नकार देतो.

कामाला लागण्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. फंक्शनमधल्या व्हेरिएबलचं नाव वाचणाऱ्याच्या आजूबाजूला कोड असतो, त्यामुळे नाव थोडं ढिलं असलं तरी निभावतं. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं, म्हणजे प्रोग्राम चालवताना त्याला बाहेरून दिलेल्या मूल्याचं, तसं नाही. ते होस्टिंगच्या पॅनेलवर एकटं दिसतं, आणि पाहणाऱ्याने कोड कधीच उघडलेला नसतो. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये (गिटहबची कामं आपोआप चालवणारी सोय) एकदा साठवलेलं सिक्रेट पुन्हा दाखवलं जात नाही. यादीत दिसतं ते फक्त नाव. तेव्हा नाव ठरवायचं ते बॉट चालवणाऱ्याच्या नजरेने, लिहिणाऱ्याच्या नव्हे.

पायरी १: आहे तो पसारा मोजा

नवी नावं सुचायला लागली की यादी करायचा कंटाळा येतो, पण यादी आधी. रिपॉझिटरीच्या (कोडच्या साठ्याच्या) मुळाशी जाऊन `गिट ग्रेप` ही फाइलींत मजकूर शोधणारी आज्ञा चालवा. पायथनमध्ये `ओएस.एन्व्हिरॉन` आणि `ओएस.गेटएन्व्ह`, जावास्क्रिप्टमध्ये `प्रोसेस.एन्व्ह` शोधा. एवढ्यावर थांबू नका. व्हेरिएबलं कोडबाहेरही राहतात: डॉट-एन्व्ह फाइलीचा (जिच्यात ही मूल्यं लिहून ठेवतात) नमुना, डॉकरफाइल, डॉकर कंपोजची फाइल, सिस्टमडीची युनिट फाइल, सीआयची (प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेची) यॅमल फाइल, रीडमी, आणि होस्टिंगचं पॅनेल, जे गिटमध्ये नसतंच.

शोधताना दोन सापळे आहेत. पहिला, `-डब्ल्यू` पर्यायाचा. तो पूर्ण शब्दच शोधतो आणि अंडरस्कोअरला शब्दाचा भाग मानतो, त्यामुळे `टोकन` शोधलंत तर `टीजी_टोकन` सापडणार नाही. पसारा मोजताना हा पर्याय काढा. नंतर एकच नाव बदलायचं असेल तेव्हा तोच उपयोगी पडतो. दुसरा सापळा जास्त वाईट आहे: जुळवलेली नावं. कुणीतरी हौसेने प्लॅटफॉर्मच्या नावापुढे `_टोकन` चिकटवून व्हेरिएबलचं नाव लूपमध्ये तयार करतं. कोड चार ओळींनी आटोपतो, पण पूर्ण नाव कुठल्याच फाइलीत नसल्यामुळे ग्रेपच्या जाळ्यात ते येत नाही. अशा जागा दिसल्या की तिथल्या तिथे उलगडून नावं पूर्ण लिहून काढा. शोधता येणं हा नावाचा पहिला गुण आहे, सुबकपणा त्यानंतर.

सापडलेलं सगळं एका तक्त्यात भरा: नाव, कुठे वाचलं जातं, कुठे भरलं जातं, डिफॉल्ट किंमत काय, नसेल तर काय होतं. शेवटचा रकाना बहुतेकांना माहीत नसतो आणि खरी माहिती तिथेच निघते. एकाच नावाला दोन फाइलींत दोन वेगळे डिफॉल्ट सापडले तर नवल वाटून घेऊ नका.

पायरी २: ज्याला नावच नको ते आधी काढून टाका

तक्ता पाहिला की कळतं, निम्म्या गोष्टी कॉन्फिगरेशन नाहीतच. हेरोकू या होस्टिंग कंपनीच्या लोकांनी २०११ च्या सुमारास मांडलेल्या ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ पद्धतीतली व्याख्या इथे कामी येते: एका डिप्लॉयमेंटपासून (प्रोग्राम जिथे बसवून चालवतात त्या जागेपासून) दुसऱ्यापर्यंत जे बदलतं ते कॉन्फिगरेशन. टेलिग्रामचा मजकुराचा संदेश ४०९६ अक्षरांपर्यंत जातो, डिस्कॉर्डवर बॉटचा संदेश २०००. हे आकडे टेस्ट सर्व्हरवरही तेच आणि खऱ्या सर्व्हरवरही तेच. म्हणून `मॅक्स_लेन` हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल उडवा आणि त्या त्या प्लॅटफॉर्मच्या फाइलीत साधा स्थिरांक ठेवा. उलट टेलिग्राम ग्रुपचा आयडी हे खरं कॉन्फिगरेशन. टेस्टचा ग्रुप वेगळा असतोच, शिवाय साधा ग्रुप सुपरग्रुप झाला की त्याचा आयडीही बदलतो.

उरलेल्यांचे दोन गट करा: गुपितं आणि साध्या सेटिंग्ज. नावावरूनच हा फरक कळला पाहिजे. लॉगमध्ये काय झाकायचं, कुठलं मूल्य चॅटवर पाठवायचं नाही, हे नवख्या माणसाला त्यावरूनच समजतं. माझा नियम असा की गुपिताच्या नावाचा शेवटचा शब्द `टोकन`, `सिक्रेट`, `पासवर्ड` किंवा `की` यांपैकीच असावा, आणि साध्या सेटिंगच्या शेवटी यांतला एकही शब्द नसावा. मग लॉगमधली झाकपाक एका साध्या नियमाने होते. याला एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

पायरी ३: नावाचं व्याकरण ठरवा

माझ्या मते क्रम असा असावा: मालक, वस्तू, गुण, एकक. मालक म्हणजे ती सेटिंग कोणाची: टेलिग्रामची, डेटाबेसची, आठवणींच्या मॉड्यूलची. `टेलिग्राम_बॉट_टोकन`, `डिस्कॉर्ड_गिल्ड_आयडी`, `रिमाइंडर_इंटर्व्हल_सेकंद`. मालक पुढे ठेवला की नावं अक्षरक्रमाने लावताच एकेका प्लॅटफॉर्मचं सगळं आपोआप शेजारीशेजारी येतं. `टोकन_टेलिग्राम` असं उलट लिहिलं तर सगळी टोकनं एकत्र येतात, पण कुणालाही कधी ‘सगळी टोकनं’ नको असतात; त्याला स्लॅक जोडायचा असतो आणि स्लॅकसाठी काय काय भरायचं ते हवं असतं.

बॉटचं स्वतःचं नाव सगळ्यांच्या पुढे लावावं का? ह्युबॉट हा गिटहबचा जुना चॅटबॉट याचं सरळ उदाहरण आहे. त्याच्याकडे `ह्युबॉट_अ‍ॅडॅप्टर`, `ह्युबॉट_लॉग_लेव्हल`, `ह्युबॉट_स्लॅक_टोकन` अशी नावं असतात, आणि इतरांनी लिहिलेल्या स्क्रिप्टही बहुधा तीच रीत पाळतात. पायथनमधल्या एरबॉटची गोष्ट वेगळी. त्याच्या कॉन्फिग फाइलीत `बॉट_अ‍ॅडमिन्स`, `बॉट_डेटा_डिर`, `बॉट_लॉग_फाइल` आहेत, आणि त्यांच्याच पंगतीला `चॅटरूम_प्रेझेन्स`, `अ‍ॅक्सेस_कंट्रोल्स`, `मेसेज_साइझ_लिमिट` आहेत. कुठे `बॉट_` लावायचं आणि कुठे नाही हे नावं पाहून ठरवता येत नाही. एरबॉटचं कॉन्फिगरेशन ही त्याची स्वतःची पायथन फाइल असल्यामुळे दुसऱ्या कुणाशी टक्कर होत नाही, म्हणून हे खपून जातं. एन्व्हायर्नमेंट मात्र सार्वजनिक जागा आहे, तिथे खपत नाही.

माझा सल्ला: एका सर्व्हरवर एकच बॉट आणि तोही कंटेनरमध्ये असेल तर बॉटचं नाव पुढे लावायची गरज नाही. तोच बॉट दुसरे लोकही आपापल्या सर्व्हरवर चालवणार असतील, किंवा एकाच सीआयमध्ये तीन बॉट असतील, तर सगळ्यांपुढे `ग्रंथ_` लावा. अर्ध्यांपुढे लावून सोडू नका. नुसतं `बॉट_` हे उपसर्ग म्हणून निरुपयोगी आहे, कारण शेजारचाही बॉटच असतो.

आता वस्तूचं नाव. इथे स्वतःची प्रतिभा बाजूला ठेवा आणि प्लॅटफॉर्म जो शब्द वापरतो तोच घ्या. स्लॅककडे तीन वेगळ्या चीजा असतात: बॉटच्या वतीने बोलणारं बॉट टोकन, सॉकेट मोडसाठी लागणारं अ‍ॅप टोकन, आणि आलेली विनंती खरंच स्लॅककडूनच आली का हे तपासणारं साइनिंग सिक्रेट. स्लॅकच्या बोल्ट या लायब्ररीच्या उदाहरणांत `स्लॅक_बॉट_टोकन`, `स्लॅक_अ‍ॅप_टोकन`, `स्लॅक_साइनिंग_सिक्रेट` हीच नावं आहेत. ती उचला. तुम्ही त्यातल्या एकाला `स्लॅक_की` म्हणालात तर भरणारा माणूस स्लॅकच्या पानावर ‘की’ शोधत बसेल.

डिस्कॉर्डमध्ये ज्याला वापरणारे ‘सर्व्हर’ म्हणतात त्याला एपीआय (प्रोग्रामने डिस्कॉर्डशी बोलायचा मार्ग) ‘गिल्ड’ म्हणते. `डिस्कॉर्ड_सर्व्हर_आयडी` वाचायला सोपं वाटतं, पण बॉटच्या दुनियेत सर्व्हर म्हणजे मशीनही होऊ शकतं. तिथे `डिस्कॉर्ड_गिल्ड_आयडी` बरं. मघाचा अपवादही इथलाच: डिस्कॉर्डची `पब्लिक_की` ही गुपित नाही, तरी तिच्या शेवटी `की` आहे. प्लॅटफॉर्मचा शब्द टिकवायचा आणि झाकपाकीच्या नियमात `पब्लिक_की` वगळायची. टेलिग्रामच्या वेबहुकला (नवा संदेश आला की टेलिग्राम ज्या पत्त्यावर कळवतं त्याला) आपण ठरवलेलं गुपित जोडता येतं. एपीआयमध्ये त्या पॅरामीटरचं नाव `सिक्रेट_टोकन`. त्याला `टेलिग्राम_वेबहुक_सिक्रेट_टोकन` म्हणा. `टेलिग्राम_सिक्रेट` म्हटलंत की कुणीतरी तिथे बॉटचं टोकन भरणारच.

गुण आणि एककाबाबत थोडक्यात, पण कडक नियम:

- वेळ असेल तर एकक नावातच हवं. जावास्क्रिप्टचा `सेटटाइमआउट` मिलिसेकंद घेतो, टेलिग्रामच्या `गेटअपडेट्स`चा `टाइमआउट` सेकंदांत असतो. `पोल_टाइमआउट=३०` म्हणजे अर्धं मिनिट की पापणी लवण्याआधीचा क्षण, हे नाव सांगत नाही. `टेलिग्राम_पोल_टाइमआउट_सेकंद` सांगतं.
- एक असेल तर `आयडी`, स्वल्पविरामाने यादी असेल तर अनेकवचनी `आयडीज`. `अ‍ॅडमिन` या नावाखाली यादी लपवू नका.
- हो-नाही असेल तर नाव होकारार्थी आणि शेवटी `एनेबल्ड`. `डिसेबल_रिमाइंडर=फॉल्स` वाचताना डोक्याला दोन गिरक्या बसतात.
- संक्षेप फक्त जे सगळ्यांना माहीत आहेत तेच: `यूआरएल`, `आयडी`, `डीबी`. `टीजी`, `डीसी`, `एसएलके` नकोत. चार अक्षरं वाचवून मिळतं काय?

जी नावं घ्यायचीच नाहीत

काही नावं आधीच कुणाच्या तरी मालकीची असतात. विंडोजवर `यूजरनेम` हे व्हेरिएबल कायम भरलेलं असतं, त्यात लॉगइन केलेल्या माणसाचं नाव असतं. डॉट-एन्व्ह वाचणाऱ्या पायथन आणि नोडच्या प्रचलित लायब्रऱ्या आधीपासून असलेलं मूल्य आपणहून बदलत नाहीत. त्यामुळे डॉट-एन्व्हमध्ये `यूजरनेम=ग्रंथबॉट` लिहूनही बॉट आपली ओळख तुमच्या लॅपटॉपच्या खात्याच्या नावाने करून देतो. लिनक्सवर बहुधा हीच फाइल मुकाट चालते, म्हणून चूक सापडायला वेळ लागतो.

मराठीत बोलणारा बॉट करणाऱ्यांसाठी खास धोक्याचं नाव म्हणजे `लँग्वेज`. मेसेजांची भाषांतरं निवडताना गेटटेक्स्ट ही भाषांतराची लायब्ररी हेच व्हेरिएबल बघते, आणि `लँग` तर संपूर्ण लोकेलचं (भाषा, तारखा, आकडे यांच्या मांडणीचं) आहे. बॉटची भाषा बदलायला जाल आणि त्याच एन्व्हायर्नमेंटमधल्या दुसऱ्याच प्रोग्रामचे संदेश बदलतील. `ग्रंथ_रिप्लाय_लँग्वेज` असं काही घ्या. गिटहब अ‍ॅक्शन्समध्ये सिक्रेटचं नाव `गिटहब_` ने सुरू करता येत नाही. गिटहबची इश्यू बघणारा बॉट असेल तर हे आडवं येतंच.

उलट काही प्रस्थापित नावं मुद्दाम तशीच ठेवायची. `पोर्ट` आणि `डेटाबेस_यूआरएल` हेरोकूसारखी होस्टिंग स्वतः भरते, `टीझेड` सिस्टिमला कळतं. नियम मोडतो म्हणून यांना उपसर्ग लावाल तर फुकटात मिळणारी सोय घालवाल.

पायरी ४: एन्व्हायर्नमेंट वाचणारी फाइल एकच

नावं सुधारून कोड तसाच विखुरलेला ठेवला तर काही महिन्यांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून एक `सेटिंग्ज` मॉड्यूल करा. एन्व्हायर्नमेंटला हात लावायचा तो फक्त त्याने; बाकी सगळ्यांनी तयार ऑब्जेक्ट घ्यायचा. पायथनमध्ये पायडँटिक-सेटिंग्ज ही लायब्ररी हे काम चांगलं करते, पण छोट्या बॉटला एक डेटाक्लास आणि तीन-चार फंक्शनं पुरतात.

या फाइलीत तीन कामं व्हायला हवीत. एक, प्रकार बदलणं. एन्व्हायर्नमेंटमधून येतं ते सगळं मजकूरच असतं, आणि पायथनमध्ये `बूल("फॉल्स")` चं उत्तर ट्रू येतं, कारण रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी. त्यामुळे कुठली अक्षरं हो आणि कुठली नाही हे एकाच फंक्शनमध्ये ठरवा, आणि तिसरं काही आलं तर एरर द्या. दोन, आयडी. डिस्कॉर्डचे आयडी ६४ बिटांचे असतात, आणि जावास्क्रिप्टचा साधा नंबर ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे नेमका राहत नाही. शेवटचे आकडे गुपचूप बदलतात आणि मग ‘चॅनेल सापडत नाही’ अशी एरर येते. तिथे आयडी स्ट्रिंगच ठेवा. टेलिग्रामच्या ग्रुपचे आयडी ऋण असतात, सुपरग्रुपचे `-१००` ने सुरू होतात. तपासणीत ‘फक्त आकडे’ असा नियम लावलात तर खरा आयडीच बाद होईल.

तिसरं काम सगळ्यांत मोलाचं. काही नसेल तर बॉटने सुरूच होऊ नये, आणि थांबताना जे जे नाही त्या सगळ्यांची नावं एकदम सांगावीत. एक भरलं की दुसरं मागायचं असा सरकारी खिडकीचा कारभार नको. मात्र जो प्लॅटफॉर्म वापरात नाही त्याची टोकनं मागू नका. `स्लॅक_एनेबल्ड` खरं असेल तरच स्लॅकच्या ज्या चीजा लागतात त्यांची चौकशी करायची. लेखाच्या सुरुवातीचा तो मुका रिमाइंडर एवढ्यानेच पकडला गेला असता.

पायरी ५: जुनी नावं लगेच मारू नका

नवी नावं आणली त्याच दिवशी जुनी बंद केली तर ज्यांचे बॉट चालू आहेत त्यांचे पुढच्या अपडेटला बंद पडतील. सेटिंग्ज मॉड्यूलमध्ये प्रत्येक नव्या नावासमोर जुन्या नावांची यादी ठेवा. आधी नवं बघायचं, ते नसेल तर जुनं. जुनं सापडलं तर लॉगमध्ये इशारा: ‘`टीजी_की` जुनं झालं, `टेलिग्राम_बॉट_टोकन` वापरा’. इशाऱ्यात फक्त नावं. टोकनचं मूल्य तिथे छापणारे लोक आहेत, आणि लॉग कुठकुठे जातात याची गणती नसते.

दोन्ही नावं भरलेली आणि मूल्यं वेगळी असतील तर नव्याला मान देऊन पुढे जायचा मोह आवरा. थांबा आणि एरर द्या. तसं झालं असेल तर कुणीतरी टोकन बदलताना एकीकडे बदललं आणि दुसरीकडे विसरलं आहे.

‘नसेल तर’ म्हणजे काय, हेही ठरवावं लागतं. डॉकर कंपोजच्या फाइलीत नव्या नावाचा संदर्भ आहे पण मूल्य कुठेच दिलेलं नाही, तर कंपोज इशारा देऊन तिथे रिकामी स्ट्रिंग ठेवतं. म्हणजे बॉटच्या दृष्टीने नवं नाव हजर आहे, फक्त पोकळ. ‘आहे का’ एवढंच तपासणारा कोड त्या पोकळ मूल्यावर समाधान मानेल आणि जुन्या नावाकडे जाणारच नाही. रिकामं म्हणजे नाहीच, असं धरा. पायडँटिक-सेटिंग्ज वापरत असाल तर आणखी एक खोच: `एन्व्ह_प्रीफिक्स` लावला असला तरी ज्या फील्डला स्वतंत्र अलियास (पर्यायी नाव) दिला आहे तिथे तो लागत नाही. जुन्या नावांसाठी अलियास दिलेत की नवं नावही उपसर्गासकट पूर्ण लिहा.

बदल एका झटक्यात करू नका. एका वेळी एक मालक: आज टेलिग्रामची सगळी नावं, ती स्थिरावली की डिस्कॉर्डची. आणि या कमिटमध्ये नावांखेरीज काहीही बदलू नका, डिफॉल्ट तर मुळीच नाही.

पायरी ६: नमुना फाइल आणि पहारा

डॉट-एन्व्हची नमुना फाइल म्हणजेच नावांचा अधिकृत कोश. प्रत्येक नाव, त्यावर एक ओळ टिप्पणी, आणि गुपितांच्या जागी रिकामं. टिप्पणीत मूल्य कुठे मिळेल ते लिहा: ‘बॉटफादरकडून’, ‘डिस्कॉर्ड डेव्हलपर पोर्टलवर’. मूल्यांभोवती अवतरणचिन्हं टाकू नका. `डॉकर रन` ला `--एन्व्ह-फाइल` ने हीच फाइल दिली तर ती चिन्हं मूल्याचाच भाग बनतात, कंपोज मात्र ती काढून टाकतं; टोकन बरोबर असून नाकारलं जाण्याचं हे नेहमीचं कारण. खरी डॉट-एन्व्ह गिटइग्नोरमध्ये आहे ना, हे याच वेळी बघून घ्या.

मग सीआयमध्ये दोन छोट्या तपासण्या. सेटिंग्ज मॉड्यूलमधली नावं आणि नमुना फाइलीतली नावं तंतोतंत जुळतात का? आणि सेटिंग्ज मॉड्यूल सोडून दुसऱ्या कुठल्या फाइलीत `ओएस.एन्व्हिरॉन` किंवा `ओएस.गेटएन्व्ह` आहे का? दुसरी तपासणी म्हणजे एका ओळीचा ग्रेप. नियमावलीचं लांबलचक पान लिहून ठेवण्यापेक्षा हा ग्रेप जास्त काम करतो, कारण पान कुणी वाचत नाही आणि लाल झालेला बिल्ड सगळ्यांना दिसतो.

जुनी नावं काढायची तारीख आधी जाहीर करा आणि चेंजलॉगमध्ये जुन्या-नव्यांची जोडी द्या. चालू असलेल्या सगळ्या बॉटच्या लॉगमधून इशारे थांबले, की अलियास काढा. त्यानंतरही एखादं आवर्तन जुनं नाव सापडल्यास इशाऱ्याऐवजी एरर देणारी ओळ ठेवा, म्हणजे वर्षभराने जागा झालेल्या सर्व्हरवर ‘टोकन नाही’ एवढंच न दिसता ‘नाव बदललं आहे, नवं हे’ असं दिसेल. होस्टिंगच्या पॅनेलवरची जुनी सिक्रेटं हाताने पुसावी लागतात. ती पुसताना टोकन जुन्या रीडमीत किंवा कुणाच्या चॅटमध्ये फिरलेलं आढळलं, तर बॉटफादरकडे `/रिव्होक` करून नवं घ्या आणि ते भरा फक्त `टेलिग्राम_बॉट_टोकन` मध्ये.